पाहुणा आणि गिऱ्हाईक

पाहुण्याने कसे वागावे याचे धडे मला शाळेत कोणी दिले नाहीत; ते दिले माझ्या आत्याने. सुट्टीत कुणाच्या घरी जायचे ठरले, की ती मला माजघरात समोर बसवी आणि एकेक नियम सांगे. ताटात येईल ते खावे. मीठ कमी वाटले तर बोलू नये. जास्त वाटले तर पाणी प्यावे. पानात काही टाकू नये. सकाळी उठल्याबरोबर आपले अंथरूण आपण गुंडाळावे. घरच्यांची निजण्याची वेळ झाली, की आपल्यालाही झोप आली असे म्हणावे. मग ती आलेली असो वा नसो. आणि तिसरा दिवस उजाडण्यापूर्वी निरोप घ्यावा, कारण तिसऱ्या दिवशी पाहुण्याची अक्कल जाते.

मोठेपणी मी चित्रकलेचा मास्तर झालो. मॅट्रिकच्या पुढची माझी विद्या म्हणजे तेवढी एक पदविका. फावल्या वेळात तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकी एक लोकांनी वाचली. या साऱ्या काळात आत्याचे नियम मोडण्याइतका मोठा पाहुणचार माझ्या वाट्याला कधी आला नाही. तो आला २०१७ सालच्या नाताळात, माथेरानच्या एका श्रीमंती हॉटेलात. त्याचीच ही हकीकत.

आमची शाळा माथेरानच्या पायथ्याशी आहे. ओसरीत उभे राहिले, की तो डोंगर समोर दिसतो. शाळेच्या सहलींबरोबर मी त्याच्यावर दहा-बारा वेळा तरी गेलो असेन. पण प्रत्येक वेळी मुलांची रांग सांभाळीत, आणि दुपारची भाकरी एखाद्या जांभळीखाली सोडीत. तिथल्या हॉटेलांची मला माहिती होती ती फाटकाबाहेरून.

आमच्या भागात मुंबई-ठाण्याकडच्या मंडळींनी शेतघरे बांधली आहेत. त्यांतल्या एका ठेकेदारसाहेबांची दोन मुले दर रविवारी माझ्याकडे मराठी वाचायला येत. मुले इंग्रजी शाळेतली. घरी आजीशी मराठी बोलत, पण पुस्तकातले मराठी दिसले की परक्या गावात वाट चुकल्यासारखी होत. मी कादंबऱ्या लिहितो, त्या अर्थी मला मराठी येत असले पाहिजे, असा साहेबांचा समज होता. मी तो दूर केला नाही. नाताळच्या सुट्टीत सारे कुटुंब चार दिवस माथेरानला निघाले. थोरल्या मुलीची परीक्षा जानेवारीत. साहेब म्हणाले, "मास्तर, तुम्हीही चला. सकाळी तासभर मुलांना घेऊन बसा, बाकी दिवस तुमचा. तुम्ही आमचे पाहुणे."

चार दिवस! आत्या हयात असती तर तिने दुसऱ्याच दिवशी मला परत बोलावले असते. आमच्या सौभाग्यवतीने मात्र इस्त्रीचे दोन सदरे पिशवीत घातले आणि बजावले, "तिथं जाऊन घरच्यासारखा फुर्र फुर्र करीत चहा पिऊ नका."

माथेरानात मोटारींना बंदी आहे. साहेबांची लांबलचक मोटार दस्तुरी नाक्यावर थांबली आणि आम्ही सारे खाली उतरलो. हा नाका मला फार आवडतो. इथे लक्षाधीशाला आणि मास्तराला सारखेच पायउतार व्हावे लागते. पण ही समता फार तर पाच मिनिटे टिकते. सहाव्या मिनिटाला घोडेवाले येतात, हमाल येतात आणि त्या वर्षी हातरिक्षावालेही आले. हातरिक्षा म्हणजे दोन चाकांवरची खुर्ची. एक माणूस पुढे दांड्या धरून ओढतो आणि दोघे मागून ढकलतात. असे तिघे मिळून एका माणसाला तांबड्या मातीच्या चढावरून वर नेतात.

साहेब चांगले धिप्पाड गृहस्थ. त्यांनी दरात पन्नास रुपयांची घासाघीस केली. ती जिंकली, आणि विजयी मुद्रेने ते खुर्चीत बसले. ज्या हॉटेलात आम्ही चाललो होतो, तिथले एका रात्रीचे भाडे माझ्या पंधरा दिवसांच्या पगाराएवढे होते, हे मला मागाहून कळले. बॅगांना चाके होती. पण त्या धोंड्यांच्या रस्त्यावर ती चालेनात. तेव्हा त्या चाकांच्या बॅगा हमाल बायकांच्या डोक्यांवर चढल्या. डोक्यावर चाके आणि खाली झिजलेल्या चपला, असे ते दृश्य मी मनातल्या वहीत टिपून ठेवले. साहेबांच्या मातोश्री गुडघ्यांनी अधू. रिक्षावाचून त्यांना इलाजच नव्हता. पण त्या बसल्या अगदी कडेला, जणू काठावर बसल्याने वजन कमी होते, आणि वाटभर म्हणत राहिल्या, "सावकाश रे बाबांनो, मला घाई नाही."

मी पायी चालत होतो आणि मनातून स्वतःवर खूष होतो.

हॉटेल खरोखर सुंदर होते. जुन्या बंगल्याची कौले, पुढे प्रशस्त व्हरांडा, त्यात वेताच्या आरामखुर्च्या आणि पलीकडे एकदम खोल दरी. व्यवस्थापकाने हात जोडून आमचे स्वागत केले. "आपण आमचे पाहुणे आहात," तो म्हणाला, "काहीही लागलं तर खोलीतल्या फोनवर फक्त नऊ दाबा."

पहिले दोन दिवस मी नऊ दाबला नाही. मी व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून माणसे पाहत होतो. कादंबरीकाराला दुसऱ्याचे दोष दिसले की अंगावर मूठभर मांस चढते. माझ्या अंगावर त्या दोन दिवसांत बरेच चढले असावे. एक बाई चहा परत पाठवीत. पहिला फिका होता, दुसरा कडक आणि तिसरा फार वेळाने आला म्हणून. एक तरुण जोडपे सकाळच्या धुक्यावर रागावले होते. त्यांनी दरी दिसणारी खोली जादा पैसे देऊन घेतली होती आणि दरी दिसत नव्हती. तो तरुण व्यवस्थापकाला विचारत होता, "मग हे जादाचे पैसे कशाचे?" बिचारा व्यवस्थापक धुक्याच्या वतीने माफी मागत होता. एका गृहस्थांना घोड्यांच्या लिदीचा वास खपत नव्हता. पण संध्याकाळी घोड्यावरच बसून फिरायला जायचे होते. माकडाने एकाच्या हातातला केकचा तुकडा पळवला तेव्हा त्याने जी तक्रार केली, तिचा सूर असा होता, की माकडालाही त्याच्या खोलीच्या भाड्यातून काही पगार मिळत असावा.

जेवणाच्या दालनात लांबच लांब मेज मांडलेले असे. हवे ते आणि हवे तेवढे घ्या. लोक ताटात डोंगर रचून घेत आणि त्याचा शेंडा तेवढा खाऊन उठत. वाढपी पोरे ती ताटे उचलताना कशाकडेच पाहत नसत. न पाहण्याची ती सवय त्यांनी कशी कमावली असेल, हा विचार मला घास गिळताना येई; पण घास मी गिळत असे.

वाईट माणसे त्यांत थोडीच होती. चहा परत पाठवणाऱ्या बाईंनी एका वेटरच्या आजारी मुलासाठी आपल्याजवळची औषधे काढून दिलेली मी पाहिली. आमचे साहेब पन्नास रुपयांसाठी भांडले खरे. पण रात्री वाढप्याच्या हातावर त्यांनी पाचशेची नोट सहज ठेवली. मग हा काय प्रकार होता? तेव्हा माझे उत्तर सोपे होते. पैसा माणसाला बिघडवतो. ज्याच्यापाशी पैसा नाही, त्याला हे उत्तर फार आवडते.

सकाळचा तास आम्ही बागेतल्या एका झाडाखाली घेत असू. पुस्तक बाजूला ठेवून मी मुलांना माथेरानची गोष्ट सांगितली. १८५० साली ठाणे जिल्ह्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गावाजवळ मुक्कामाला होता. डोंगर पाहून त्याला वर जावेसे वाटले. गावातला एक माणूस वाट दाखवायला घेऊन तो चढला. रान आणि हवा त्याला इतकी मानवली, की त्याच वर्षी पुन्हा येऊन त्याने राहण्यापुरती झोपडी उभी केली. पुढे मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने या जागेला उत्तेजन दिले आणि बंगले उठले. १९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळपासून वर आगगाडी आणली. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून ती सुमारे वीस किलोमीटर वळणे घेत चढते. इथेच १९१२ साली जन्मलेले भाई कोतवाल १९४३ च्या जानेवारीत सिद्धगडाच्या रानात इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले, हेही मी सांगितले. ते मुलांना नवे होते. शेजारी पेपर वाचणाऱ्या एका गृहस्थांनाही नवे होते.

धाकटी सात वर्षांची. ती मध्येच म्हणाली, "सर, वाट दाखवणाऱ्याला तर डोंगर आधीच माहीत होता. मग शोध कुणी लावला?"

"तसं पाहिलं तर खरं आहे," मी म्हटले.

"त्याचं नाव काय होतं?"

मॅलेटचे नाव मला ठाऊक होते. त्याच्या वाटाड्याचे नाव मी कुठे वाचलेले नव्हते. "नाव लिहून ठेवलेलं दिसत नाही," असे सांगून मी तास संपवला. लिहून न ठेवणाऱ्यांवर मनातल्या मनात एक टीकाही करून घेतली.

त्याच दिवशी निघता निघता आजींच्या खोलीत मी एक मौज पाहिली. गुडघे धरीत धरीत आजी पलंगावरची चादर झटकून घडी घालीत होत्या आणि खोली आवरणारा पोरगा ओशाळून दारात उभा होता. साहेब म्हणाले, "आई, अगं पैसे दिलेत आपण याचे."

"पैसे खोलीचे दिलेस," आजी म्हणाल्या, "अंथरूण मी पसरलंय."

मला आत्या आठवली. मी माझ्या खोलीत जाऊन पाहिले. माझे अंथरूण सकाळी मी जसे टाकून गेलो होतो, तसे आता राहिले नव्हते. कोणीतरी ते चापूनचोपून नीट केले होते. दोन दिवस असेच चालले होते आणि माझ्या ते ध्यानातही आले नव्हते.

मग तिसरा दिवस उजाडला.

त्या पहाटे थंडी कडाक्याची होती. नळ सोडला तर पाणी बर्फासारखे. वाचकांनी लक्षात घ्यावे, की आमच्या घरी बंब आहे. तो पहाटे मीच पेटवतो आणि लाकडे ओली असली तर निमूटपणे थंड पाण्याने अंघोळ करून शाळेला जातो. पण त्या सकाळी मी पाच मिनिटे थांबलो, दहा मिनिटे थांबलो, आणि मग फोन उचलून नऊ दाबला.

"काय चाललंय काय?" मी म्हणालो. "अर्धा तास झाला, गरम पाण्याचा पत्ता नाही. पैसे घेता ना तुम्ही? ताबडतोब पाणी आलं पाहिजे!"

अर्धा तास झाला नव्हता. दहाच मिनिटे झाली होती. आणि पैसे मी दिले नव्हते, साहेबांनी दिले होते. पण दोन्ही खोट्या गोष्टी माझ्या तोंडून इतक्या सहज बाहेर पडल्या, की जणू ते बोलणे मला जन्मापासून येत होते.

थोड्या वेळाने दार वाजले. बाहेर अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा दोन्ही हातांत वाफाळणाऱ्या बादल्या घेऊन उभा होता. बॉयलर बिघडला होता. मागच्या अंगणात चुलाण पेटवून पोरे खोल्या-खोल्यांतून पाणी पोचवीत होती. त्याच्या केसांवर राख होती. बादल्या खाली ठेवून तो वाकला आणि त्याने माझ्या पायाला हात लावला.

"गुरुजी, पाणी."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. चेहरा ओळखीचा वाटत होता.

"तुम्ही असाल असं वाटलंच," तो म्हणाला. "फोन मीच घेतला होता. आवाजावरून ओळखलं. वर्गात पण असाच आवाज होता तुमचा."

त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. त्याला आनंद झाला होता, ओळखीचा माणूस भेटल्याचा. तेवढ्यासाठीच ते वाक्य मला अजून सहन होत नाही.

"अरे, तू..." मी म्हणालो आणि अडलो. नाव आठवेना. चित्र आठवले. आमची शाळा लहान, म्हणून चित्रकलेच्या मास्तरकडे नववीचा वर्गही होता. त्या वर्गातली सारी मुले डोंगर काढीत तो त्रिकोणी, दोन डोंगरांमध्ये सूर्य. हा एकटा मुलगा डोंगर वरून सपाट काढी. मी त्याच्या चित्रावर लाल शाईने शेंडा काढून दिला होता आणि खाली लिहिले होते, 'डोंगराला टोक असते.' माथेरानचा माथा सपाट आहे, हे शाळेच्या ओसरीतूनही दिसते. पण मी डोंगर पुस्तकातला शिकवीत होतो. हा मुलगा रोज पाहत होता तो काढीत होता.

आणखीही एक आठवले. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर तो शाळेत येईनासा झाला. महिनाभर हजेरीपटावर त्याच्यापुढे फुल्या मारल्या आणि मग त्याच लाल शाईने शेरा लिहिला, 'सतत गैरहजर, नाव कमी केले.' त्याची वाडी शाळेपासून दीड तासाच्या चढावर. मी चौकशीला गेलो नव्हतो. वाडीपर्यंत रस्ता पोचत नाही, हे कारण तेव्हा मला पुरेसे वाटले होते.

"नाव काय रे तुझं?" मी अखेर विचारले.

त्याने नाव सांगितले. मॅलेटच्या वाटाड्याचे नाव लिहून न ठेवणाऱ्यांवर मी आदल्या दिवशी टीका केली होती. हे नाव तर लिहिलेले होते. ते मी स्वतःच्या हाताने खोडले होते.

तो घाईत होता. अजून सहा खोल्यांना पाणी द्यायचे होते. त्या बादल्यांतल्या पाण्याने मी अंघोळ केली. पाणी चांगले कढत होते.

त्या दिवशी व्हरांड्यात बसून मला माणसांचे दोष दिसेनात. धुक्यावर रागावलेला तरुण, चहा परत पाठवणाऱ्या बाई आणि मी, आम्ही सारे एकाच जातीचे निघालो. माझ्यापाशी पैसा नव्हता. तरी तिसऱ्याच दिवशी माझी जीभ त्यांच्यासारखी वळली. म्हणजे दोष नुसत्या पैशाचा नव्हता. त्या खुर्चीत काहीतरी होते. 'काहीही लागलं तर नऊ दाबा' असे ज्याला सांगितले, त्याला काही ना काही लागू लागते. तिथे आम्हाला सारे पाहुणे म्हणत, पण आम्ही होतो गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाचा हिशेब दिल्या पैशांचा असतो. आपल्याला पुरते मिळाले नाही, ही शंका त्याला दरीच्या काठावर आणि थंडीच्या सुंदर सकाळीसुद्धा सोडत नाही. पाहुण्याचा हिशेब उलटा. आपल्यामुळे कुणाला तोशीस पडते आहे, हे तो विसरत नाही. पैसे मोजून माणसाला खोली घेता येते, दरी घेता येते, तीन माणसांचे खांदे घेता येतात. पाहुणेपण तेवढे विकत मिळत नाही.

चौथ्या दिवशी साहेबांचा निरोप घेऊन मी पायवाटेने उतरलो. बरोबर तो मुलगा होता; त्याची पाळी दुपारी संपली होती. रोज पहाटे चार वाजता बॅटरी घेऊन तो ही वाट चढे. वाटेत त्याने सांगितले, की ज्या पावसाळ्यात त्याची शाळा सुटली, त्यात वडील वारले. चुलता दस्तुरीला रिक्षा ढकलतो. "तुमच्या साहेबांची रिक्षा त्यानंच ढकलली," तो म्हणाला, "तुम्ही शेजारून चालत होतात. त्यानं ओळखलं तुम्हाला." मी चालत होतो आणि स्वतःवर खूष होतो, तेव्हा मला ओळखणारा माणूस दोन हातांवर होता, मी त्याच्या पायांकडे पाहिले होते, तोंडाकडे नव्हे.

वाडीत पंधरा-वीस घरे. त्याच्या आईने अंगणात घोंगडी अंथरली आणि पाय धुवायला तांब्याभर पाणी आणून दिले. मी विचारले, "पाणी कुठून आणता?" मुलाने खालच्या ओहोळाकडे बोट दाखवले. जाऊन यायला अर्धा तास लागत असावा. मी अर्ध्या तांब्यात पाय धुतले. मग कोरा चहा आला, आणि नाचणीची भाकरी, वर सुक्या मिरचीची चटणी. मी सारे खाल्ले. चटणी जहाल होती. मी बोललो नाही, पाणी प्यालो. आत्याला बरे वाटले असते.

पण अखेरीस चुकलोच. उठताना शंभराची एक नोट मी हळूच ताटाखाली सरकवली. तसे करताना आपण फार नाजूकपणे वागलो असेही मला वाटले.

आठवड्याने शाळा सुटायच्या वेळी तो मुलगा फाटकाशी उभा दिसला. खिशातून घडी घातलेली नोट काढून तो म्हणाला, "गुरुजी, तुमची नोट राहिली होती आमच्या घरी. आईनं दिली."

ती नोट मी घेतली. घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. हॉटेलात पैसे देणारा मोठा ठरत होता; इथे पैसे परत घेणाऱ्याला प्रथमच आपली पायरी कळली. त्या माउलीने मला पाहुणा मानले होते आणि मी तिला हॉटेल समजलो होतो.

त्याला मी आत बोलावले. कार्यालयातून जुना हजेरीपट काढून त्याच्या जन्मतारखेची आणि दाखल्याची नोंद उतरवून घेतली. दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. २०१८ साली तो आम्ही दोघांनी मिळून भरला. मराठी आणि चित्रे मी पाहिली, गणित आमच्या एका सहकाऱ्यांनी. तो हॉटेलातली नोकरी करून रात्री अभ्यास करी. २०१९ च्या मार्चमध्ये तो परीक्षेला बसला आणि पास झाला, इंग्रजीत काठावर. यात माझे श्रेय काढायला बसलो, तर हिशेब तोट्यातच निघतो. नाव मीच कमी केले होते. ते परत लिहायला मला तीन वर्षे लागली. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण तशी परवानगी मी त्याला विचारलेली नाही. पण ते आता मला पाठ आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानातल्या हातरिक्षा अमानुष ठरवल्या. सहा महिन्यांत त्या थांबवाव्यात आणि ओढणाऱ्यांना विजेवर चालणाऱ्या रिक्षा मिळाव्यात, असा आदेश दिला. पेपर हातात धरून मी पुष्कळ वेळ बसलो होतो. चुलत्याच्या खांद्यांना विसावा मिळावा, आजींच्या गुडघ्यांचीही सोय व्हावी, याहून चांगले काय? माणसाच्या खांद्यावरची खुर्ची कायद्याने उतरवता येते. पण दुसरी एक खुर्ची आपल्या आत असते. कुणी नऊचे बटण दाखवले, की आपण तिच्यात जाऊन बसतो. ती ज्याची त्याने उतरवायची. मी अजून शिकतो आहे. परवाच लग्नाच्या पंगतीत वाढप्याला मी "अरे, इकडे!" म्हणून हाक मारली आणि पुढचा शब्द तोंडातच राहिला.

दिवाळीत पाडव्याच्या सकाळी तो मुलगा आमच्याकडे येतो. बरोबर वाडीचे नवे तांदूळ असतात, फडक्यात बांधलेले. आमची सौभाग्यवती त्याला पाटावर बसवून फराळाचे ताट पुढे ठेवते. गेल्या वर्षी चिवड्यात मीठ जरा जास्त पडले होते. मला ते पहिल्याच घासाला कळले आणि मी तोंड उघडणार, इतक्यात माझे लक्ष त्याच्याकडे गेले. तो काही बोलला नाही. त्याने पाण्याचा पेला उचलला, घोटभर पाणी प्याला आणि ताट स्वच्छ करून उठला.

मीही पाणी प्यालो.